अकरा चिठ्ठ्या, एकच सही

१२ जाने., सोम.
पाठवली एकदाची तक्रार. एचआरला, मेलवर. म.चा मेलच जोडला सोबत: 'प्लॅनिंग लीडला साइटवर फिरावं लागतं, लेडीज नको.' (म. म्हणजे आमचा मॅनेजर. स्वतःच्या वहीतसुद्धा पूर्ण नाव लिहायला हात धजत नाही, कमाल आहे माझी.) सतरा वर्षं या कंपनीत प्लॅनिंग करतेय, त्यातली अर्धी साइटवरच गेली. जागा मिळाली ती मीच शिकवलेल्या ज्युनिअरला.
हे म्हणाले, "आता माघार नाही हं." रेवा: "प्राउड ऑफ यू, आई."

१९ जाने.
सोमवारच्या मीटिंगला बोलावलं नाही. विचारलं तर म. गोड हसून, "मॅडम, आप आराम कीजिए." वॉट्सअ‍ॅप ग्रुपमधूनही काढलंय. जेवायच्या टेबलावर मी डबा उघडला की सगळ्यांचं जेवण संपतं.

२७ जाने., मंगळ.
वॉर्निंग लेटर! तीन महिन्यांत अकरा वेळा उशीर म्हणे. पुढच्या महिन्यापासून अबुधाबीकडच्या मुसफ्फाच्या यार्डात बदली, 'शिस्तीसाठी'. शारजाहून रोज मुसफ्फा म्हणजे पहाटे चारला घर सोडायचं, आणि रेवाची बारावी. मी राजीनामा द्यावा हाच त्यांचा बेत.
आणि उशीर कसला? आम्ही एकवीस जण एकाच कंपनी बसने येतो, जॅम सगळ्यांना सारखाच. पण बस उशिरा पोचली की गेटवर चिठ्ठी भरावी लागते, आणि ती वर्षानुवर्षं मीच भरते. पहिली सीट माझी, पेन माझ्याकडे, मागून सगळे ओरडणार, "ताई, तुम्हीच भरा, यल्ला, चला लवकर!" नाव, वेळ, सही. कारणाचा रकानाच नाही. सगळ्यांच्या वतीने माझी एकटीची सही. चिठ्ठीवर नाव नाही तो वेळेवर आला, असा नियम.
फाइलमध्ये अकराच्या अकरा चिठ्ठ्यांवर मीच. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

३ फेब्रु.
अपील केलं. एचआरची बाई बरी वाटली. म्हणाली, बसमधल्या एकाने तरी लिहून द्यावं की उशीर सगळ्यांचाच होता. गुरुवार, १२ तारखेपर्यंत.
परतताना बसमध्ये विषय काढला. सगळ्यांना एकदम झोप लागली! शेवटी अन्वरभाई बोलले. रत्नागिरीचे, स्टोअरला असतात, नऊ वर्षं माझ्या मागच्या सीटवर. "ताई, मी देतो लिहून. खरं तेच लिहायचं ना, मग घाबरायचं कशाला?" घरी येऊन खूप रडले. बरं वाटलं.

९ फेब्रु.
कागद अजून नाही. आज उतरताना अन्वरभाई हळूच म्हणाले, "ताई, माझा व्हिसा एप्रिलमध्ये रिन्यूला आहे. साहेबांनी (म्हणजे म.नेच) शुक्रवारी मुद्दाम विचारलं, घरी सगळं ठीक ना. कधी विचारत नाहीत हो."
मी म्हटलं, राहू द्या. तोंडाने म्हटलं. मनात त्यांना शिव्या घातल्या. मग स्वतःला. गेल्या वर्षी शेजारच्या टेबलावरच्या फिलिपिनो मुलीला असंच हैराण करून घालवलं, तेव्हा मी मान खाली घालून एक्सेल भरत होते. तिने माझ्याकडे पाहिलंही होतं. तिचा नंबरसुद्धा ठेवला नाही मी.

११ फेब्रु.
हे म्हणतात, सरळ लेबर ऑफिसला जाऊ. जाऊच. पण तिथेही चिठ्ठ्या त्याच. अन्वरभाईंना मेसेज टाकावा म्हणून तीनदा लिहिला, तीनदा पुसला. ज्याच्या त्याच्या पोटाचा प्रश्न.

१२ फेब्रु., गुरु.
सकाळी अन्वरभाई बसला नव्हते. फोन बंद. आज बस नेमकी दहा मिनिटं आधी पोचली, हसावं की रडावं!
दहाला एचआरला गेले तर बाहेरच्या बाकावर अन्वरभाई. इस्त्रीचा शर्ट, हातात बंद पाकीट. मला पाहून उठले, सलाम केला. मी विचारलं, "तुम्हाला कोणी बोलावलं?" काही बोलायला तोंड उघडलं त्यांनी, तेवढ्यात बाईंनी दार उघडून आधी त्यांनाच आत घेतलं. दारातून म. बसलेला दिसला. मग पाकिटातलं माझ्या बाजूचं की त्याच्या?
बाकावर बसून लिहितेय. वीस मिनिटं झाली. आतून फक्त म.चा आवाज येत होता, आता तोही थांबलाय.