शॉर्टस्टॉप किकुए-सान

ओजिमा, रविवार

लाडक्या सुरुचीस,

तू इथल्या जपानी शाळेत शिकलीस, तुला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे पत्र त्सुकुबाला पाठवणार नाही. पण रडायला मला दुसरी भाषा नाही.

आपल्या शेजारच्या किकुए-सान गेल्या. तरुणपणी त्या बायकांच्या व्यावसायिक बेसबॉल संघात शॉर्टस्टॉप होत्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभं राहून चेंडू अडवायच्या. दोन वर्षांत संघ बंद पडला, मग लग्न झालं आणि नवऱ्यानं तो विषय पुन्हा काढू दिला नाही. आपल्याला मात्र त्या स्वयंपाकघरात वाकून दाखवायच्या, जमिनीलगत येणारा चेंडू कसा उचलायचा ते.

अंत्यविधीला त्यांचा मुलगा सगळ्यांना म्हणाला, "आईनं घराबाहेर कधी काही केलंच नाही."

मला राहवलं नाही. मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाले, "त्या बेसबॉल खेळायच्या. पगार घेऊन."

तो समजुतीनं हसला. "बघायच्या, असं म्हणायचंय ना तुम्हाला?"

मी पुन्हा सांगायला गेले, पण शब्दच सापडेनात. मागे माणसं खोळंबली होती. तू हवी होतीस गं तेव्हा.

शेवटी मी मान खाली घातली आणि म्हणाले, "हो. बघायच्या."

तुझी,
आई