बिनदाराची खोली

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस. वहिनी म्हणते, "ते कामात आहेत," पण मागे तुझ्या सुतारकामाच्या रंध्याचा आवाज येत नाही, म्हणजे तू तिथेच हाताची घडी घालून बसलेला असतोस. म्हणून हे पत्र. फाडायचं तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग फाड.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, त्याहून जास्त ती स्वतः. तुला वस्तीतल्या मुलांसाठीच्या आपल्या क्लबात यायला बंदी का केली, असं रोज विचारते आणि मी रोज काहीतरी पुटपुटून स्वयंपाकघरात पळते. क्लब चालू आहे. टेबल टेनिसची जाळी पुन्हा सैल पडली आणि "दादा असते तर" हे पालुपद ऐकून माझे कान किटलेत. एकानेही "ताई आहेत ना" म्हणू नये! ड्रायव्हरच्या पोराने, आपल्या गोलकीपरने, परवा जाळी बांधायला घेतली आणि स्वतःचाच हात तिच्यात अडकवून घेतला. मी हसले, आणि मग एकदम रडूच आलं.

क्लब काढायचं ठरलं तेव्हाचं तुला आठवतं का? मी पडद्यांच्या रंगात गुंतले होते आणि तू अडून बसला होतास. पलीकडच्या वस्तीतल्या क्लबात एका प्रशिक्षकाने पोरींशी काय केलं, ते तेव्हा ताजं होतं. आधी नियम, मग चेंडू, म्हणालास. कुठल्याही मोठ्या माणसाने मुलाबरोबर बंद दाराआड एकटं बसायचं नाही, मग तो कोणी का असेना. मी म्हटलं, छान अक्षरात लिहून भिंतीला लावू. तू हसलास, पेचकस काढलास आणि मागच्या खोलीचं दारच उतरवलंस. वर त्याला चार पाय ठोकून बुद्धिबळाचं टेबल केलंस. कडीच्या भोकात मुलं पेन्सिली खोचायची. नवे पालक आले की मी त्यांना आधी ते टेबल दाखवायचे, आणि माझ्या भावाने केलंय हे सांगायला कधी विसरायचे नाही.

आणि त्या दुपारी मी आले, तर मुलं पट जमिनीवर मांडून बसली होती. टेबलाचे चार पाय कोपऱ्यात पडलेले. दार परत चौकटीत, लावलेलं. आपल्याच क्लबात मी माझ्या भावाचं दार ठोठावलं. तू उघडलंस, मागे रेडिओ डोळे पुसत होती. अखंड बडबडीमुळे जिला मुलांनी हे नाव ठेवलं आणि जी अलीकडे मुकीच झाली होती, तीच. तू म्हणालास, हिला कोणी ऐकणार नाही अशा जागी बोलायचं होतं, आणि मी कोणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय. मग माझा चेहरा बघून विचारलंस, तुला माझ्यावर संशय येतोय? मी रेडिओला हाताला धरून बाहेर हॉलमध्ये नेलं. तू पेचकस खिडकीत टाकलास आणि निघून गेलास.

उत्तर आता देते. नाही, दादा. शाळेच्या वाटेवरचं ते कुत्रं आणि मी, यांच्या मधून रोज चालणारा तू. तुझ्यावर मी काय संशय घेणार? पण त्या प्रशिक्षकालाही बहीण असेलच की. तीसुद्धा असंच काहीतरी आठवून शपथेवर सांगत असेल. ज्याच्यावर विश्वास नाही त्याला आपण फाटकातच उभं करत नाही, नियम लागतो तो विश्वासातल्या माणसालाच, हे तूच मला शिकवलंस. तेव्हा मान डोलवायला सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या नजरेसमोर, मी आणि आपल्या कमिटीतल्या नर्सबाई रेडिओजवळ बसलो. बाई विचारणार होत्या, पण मीच विचारलं. दादांनी तुला कधी नको तसा हात लावला का? तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, ते तुमचे सख्खे भाऊ ना?" मी म्हटलं, "हो गं. म्हणूनच मी विचारतेय." ती नाही म्हणाली. मग बाईंजवळ सगळं बोलली. तिची आई घर सोडून जाणार आहे, हे तिला कळलंय आणि बापाला नाही. एवढं ओझं त्या पोरीने एकटीने धरलं होतं, आणि तू शब्द देऊन तिला त्या ओझ्यासकट परत घरी पाठवणार होतास. तुझं मन चांगलं होतं, म्हणून काय झालं? आता बाई तिच्या आईशी बोलल्या आहेत. काल रेडिओने दोन वाक्यं बोलून दाखवली, एक हरल्याबद्दल आणि एक शिवी.

आता हे पत्र का, ते. काल वहिनीने सांगितलं की तू गोलकीपरच्या वडिलांना दुकानातून हाकलून दिलंस, त्यांनीच कमिटीचे कान भरले म्हणून. दादा, त्या ड्रायव्हरला यातलं ओ की ठो माहीत नाही. तक्रार माझी. कमिटीसमोर उभं राहून तुझं नाव मी घेतलं आणि चौकशी संपेपर्यंत याला फाटकाच्या आत घेऊ नका, हेही मीच म्हटलं. चौकशी संपली. तुझ्यावर ठपका नाही. दार लावल्याबद्दल आणि तसा शब्द दिल्याबद्दल समज आहे, ती ऐकायला मात्र यावं लागेल. त्या माणसाची माफी माग आणि राग माझ्यावर काढ, मी कुठे पळून जात नाही. पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा हेच करीन, आणि पुन्हा रात्रभर रडेन. ते दार अजून चौकटीतच आहे, मी विटेने उघडं ठेवते. दुसऱ्या सुताराला बोलवणं माझ्या जिवावर येतं. पेचकस खिडकीत तसाच आहे, आणि मुलं अजून जमिनीवर खेळताहेत.

तुझं नाव घेणारी, तरीही तुझीच,
धाकटी