गोराईच्या मांडवात गाऱ्हाणं

बोरिवली पूर्व,
रविवार, ६ एप्रिल १९८६

ती. लवूदादा यास,

शेवंतीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं ठेवलं म्हणजे राग गेला असं समजू नकोस. नमस्कार तुझ्या वयाला आहे.) इकडे रवळनाथाच्या कृपेने आम्ही सगळे धडधाकट. तुझी कंबर आता कशी आहे? तेल चोळतोस की बाटली नुसती फळीवर ठेवून तिच्याकडे बघत बसतोस? वहिनीचा खोकला, तांबडी गाय आणि मागल्या परसातला फणस, तिघांचीही खुशाली कळव.

तुझं कार्ड पोचलं. पुढच्या वेळी शिव्या द्यायच्या असतील तर बंद पाकिटातून दे. हे कार्ड आधी पोस्टमनने जिना चढता चढता वाचलं, मग खालच्या नलिनीने वाचलं, आणि मग माझ्या हाती आलं. तोवर नलिनी माझ्या पाठीवरून हात फिरवून 'होईल हो सगळं ठीक' म्हणत होती, आणि मला मेलीला ठाऊकच नव्हतं की बिघडलंय काय! तू लिहितोस, आमची अनुपमा गोराईच्या किरिस्तांवाच्या घरात जाते म्हणून तू या लग्नातून हात धुतलेस. तू येणार नाहीस, आणि यंदा गणपतीत देवापुढे गाऱ्हाणं घालताना माझ्या घराचं नावही घेणार नाहीस. आणि शेवटी आडव्या ओळीत, जागा उरली नव्हती तरी कोंबून: 'ते लोक मानतात काय, याची तुला अक्कल तरी आहे का?'

तर दादा, आहे. सात शनिवार घालवून मिळवली आहे. पाट घे आणि बस.

अनुपमा आणि इनास अंधेरीला एकाच औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत, हे तुला ठाऊक आहे. मुलगा चांगला. मान खाली घालून जेवतो, ताट स्वतः उचलतो. (तू आयुष्यात उचललं नाहीस.) बाप मासेमारी करायचा, तो आता नाही, आई मोनीबाय वाडीत भाजी पिकवते. अनुपमाने धर्म बदलायचा नाही, चर्चची परवानगी काढून लग्न लागेल असं ठरलं. पण मुलांवर संस्कार त्यांच्या धर्माचे होणार. हे ऐकल्यावर मी सरळ उठले. म्हटलं, उद्या नातू मांडीवर बसून विचारणार, आज्जे, हे काय आणि ते काय, तेव्हा मी काय तोंडात सुपारी धरून बसू? वांगं घेतानासुद्धा मी चार वेळा उलटंपालटं करून बघते, आणि इथे तर मुलगी द्यायची आहे. आमच्या ह्यांना विचारलं. ह्यांचं तुला माहीतच आहे. गिरणी सुटल्यापासून आरे कॉलनीत म्हशींच्या गोठ्यावर आहेत, आणि त्या म्हशी रोज जेवढं बोलतात त्याहून एक शब्द कमी हे बोलतात. म्हणाले, तू ठरवलंयस ना, मग झालं. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मी खाडीवरून होडीत बसून गोराईला जायला लागले. अनुपमाला फादर शिकवणार होते, तिच्या शेजारी मी वही घेऊन बसले. फादर वसईकडचे, मराठी तुझ्यापेक्षा शुद्ध. मला म्हणाले, मावशी, तुम्हाला यायची गरज नाही. मी म्हटलं, फादर, गरज नसताना गेल्याशिवाय खरं काय ते कळत नाही.

त्यांचा विश्वासांगीकार म्हणून आहे. दर रविवारी उभं राहून सगळे एका सुरात म्हणतात, आम्ही अमुक मानतो, आम्ही तमुक मानतो. ही पद्धत मला आवडली. आपल्याकडे कोण काय मानतो ते त्याच्या मरणानंतर श्राद्धाच्या दिवशी कळतं. पहिल्याच शनिवारी गाडी अडली. देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघं. मी म्हटलं, कळलं, दत्तगुरू! फादर म्हणाले, नाही. म्हटलं, तीन तोंडं, धड एक? म्हणाले, नाही. मग तिघं भाऊ, घर एक, चूल एक? तेही नाही. तासभर मी एकेक पुढे करत होते आणि फादर घाम पुसत होते. शेवटी म्हणाले, मावशी, आम्हालाही हे पुरतं कळलेलं नाही, आम्ही त्याच्यापुढे हात जोडतो. मला माणूस तिथेच पटला. नाही कळलं तर नाही कळलं म्हणणारा भटजी मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मूळ पाप मात्र मला एका झटक्यात कळलं, फादर थक्क झाले. पहिल्या माणसाने आणि बाईने देवाचं ऐकलं नाही, झाडाचं फळ खाल्लं, आणि त्याचा डाग पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना. अरे, मी कोकणातली! आपल्या आजोबांनी सीतारामकाकांच्या हद्दीतला फणस तोडला, आणि आज त्यांचे नातू आपल्या दारावरून जाताना मान फिरवतात. ज्याने खाल्ला तो गेला, ज्याचा होता तो गेला, झाडही गेलं, तंटा शिल्लक. आणि हा तंटा माणसांना आपसात मिटेना, म्हणून देव स्वतः माणूस होऊन खाली आला. कुमारी मरियेच्या पोटी, गोठ्यात. (गोठ्यात म्हटल्यावर आमचे हे पहिल्यांदा कान टवकारून ऐकायला लागले. म्हशी होत्या का, म्हणाले.)

आता हात धुण्याविषयी. त्या अख्ख्या विश्वासांगीकारात देवाशिवाय दोनच माणसांची नावं आहेत. एक त्याची आई, आणि दुसरा तिथला सुभेदार, पिलात. त्याला कळत होतं की समोरच्या माणसाचा काही गुन्हा नाही. तरी लोक ओरडतात म्हणून त्याने पाणी मागवलं, चारचौघांत हात धुतले, म्हणाला माझा काही संबंध नाही, आणि त्याला क्रुसावर जाऊ दिलं. दादा, दोन हजार वर्षं झाली, अजून दर रविवारी त्याचं नाव निघतं. हे ऐकलं त्याच दिवशी संध्याकाळी घरी आले तर तुझं कार्ड. तू आपला विचार कर.

पुढे तो मेला, पुरला, आणि तिसऱ्या दिवशी उठला. इथे सगळा धर्म उभा आहे, फादर म्हणाले. हे नाही तर काहीच नाही. मी पेन खाली ठेवलं. मेलेलं माणूस उठलं म्हणून कोणी सांगितलं? तर म्हणे, पहाटे बायका मसाले घेऊन थडग्यावर गेल्या, थडगं रिकामं, धावत येऊन पुरुषांना सांगितलं, आणि पुरुष म्हणाले, बायका काहीबाही बरळतायत. बस्स! मला पुढचं ऐकायची गरजच उरली नाही. ज्याला खोटं रचायचं असेल तो असं रचणार नाही. मग म्हणे शेवटल्या दिवशी तो सगळ्यांचा न्याय करील आणि आपण सगळे देहासकट उठू. मी विचारलं, गुडघे हेच का? फादर म्हणाले, नवे, न दुखणारे. हे मी वहीत दोनदा लिहून घेतलं.

पण एका ठिकाणी मी अडले ती अडलेच. पापांची क्षमा. फादर म्हणतात, ती कमवायची नसते, ती कृपा असते, देव आपण होऊन देतो. गिरणीवाल्याची बायको मी. पाळी भरल्याशिवाय पगार नाही एवढंच मला ठाऊक. आणि वर अट अशी की आपल्याला मिळाली तशी आपणही दुसऱ्याला द्यायची. प्रत्येकाला? म्हटलं. प्रत्येकाला. सख्ख्या भावालासुद्धा? फादर म्हणाले, तिथूनच सुरुवात. मी वही मिटली. अनुपमा माझ्याकडे बघायला लागली, कारण तिला ठाऊक होतं माझ्या मनात काय आलं. सात वर्षांपूर्वी आई गेली, आणि तुझी तार मला मिळाली पाचव्या दिवशी. मी पोचले तर आईची राखसुद्धा थंड झालेली. तू उशिरा कळवलंस, बहिणीची तुला किंमत नाही, हे मी सात वर्षं घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक नातेवाइकाला सांगत आले. तेव्हा मी फादरना स्पष्ट सांगितलं, बाकी सगळं पाठ करीन, ही ओळ म्हणणार नाही. ते म्हणाले, मावशी, तुम्हाला एकही ओळ म्हणायची सक्ती नाही. पण असं कसं? मी शिकले आहे. शिकलेलं गाळून म्हणायचं म्हणजे मिठाशिवाय आमटी वाढायची.

मग पुढच्या शनिवारी एक गंमत झाली. (नलिनीला सांगू नकोस.) चर्चमध्ये शिरले तर भिंतीशी बायकांची रांग. मुंबईत रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग कशाची ते विचारायचं, रॉकेल संपतं ना! पुढे सरकत सरकत एका लाकडी कपाटापाशी आले. आत गुडघे टेकायची जागा, मध्ये जाळी, आणि जाळीपलीकडे आपले फादर. ती पापं कबूल करायची रांग होती. आता आलेच आहे तर रिकामी कशाला जाऊ, म्हणून मी सुरुवात केली. पाव तास बोलले. आंब्यापासून तारेपर्यंत सगळं. पलीकडून शांतपणे आवाज आला, मावशी, इथे स्वतःची पापं सांगायची असतात, तुम्ही मघापासून भावाची सांगताय. म्हटलं, माझी सांगायला तो येणार नाही म्हणून मी त्याची सांगते. मागची रांग खोकायला लागली. फादरनी एवढंच विचारलं, तारेवर पत्ता कुठला होता? मी ताडकन उठले आणि होडी गाठली. असल्या चौकशा कोणी सांगितल्यात!

शेवटचं सांगते आणि थांबते. ईस्टरच्या मिस्सेला आम्ही दोघं आणि अनुपमा गेलो. फादर वेदीवरून मागणं मागत होते, आजाऱ्यांसाठी, दर्यावर गेलेल्यांसाठी, ज्यांना काम नाही त्यांच्यासाठी, आणि प्रत्येक मागण्यानंतर सगळे मिळून, हे प्रभू, ऐक. मला दादा, तिथे आपलं अंगणच दिसायला लागलं. तू पुढे उभा, हातात नारळ, गाऱ्हाणं घालतोयस, आणि आम्ही मागे. फादरनी म्हटलं, परगावी गेलेल्या लेकरांना सुखरूप घरी आण, आणि माझ्या तोंडून सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं निघालं, 'व्हय महाराजा!' वर मेलं, शेजारी आमचे हे, जे म्हशींपुढेही बोलत नाहीत, तेही जोरात, 'व्हय महाराजा!' सगळं चर्च मागे वळलं. वाट लागली म्हटलं, लग्न मोडलं. अनुपमाने पदरात तोंड लपवलं. पण मोनीबाय हसत सुटली, आणि फादर मिस्सेनंतर दारात उभे राहून म्हणाले, आम्ही आमेन म्हणतो ते हेच, तुमचं जरा खणखणीत आहे.

असं सगळं आहे. आता ते लोक मानतात काय ते तुला कळलं. पटलं नाही तर राहू दे, मलाही सगळं पटलेलं नाही. लग्न रविवारी ४ मेला गोराईला आहे आणि ते होणार म्हणजे होणार, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. तुझ्यावाचून कोणाचं अडलेलं नाही. वहिनीस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी बहीण,
शेवंती

ता. क. : अडलं आहे. मोनीबाय म्हणते, नवरा-नवरी चर्चमधून मांडवात आली की तुमच्या भावाने ते मागणं मागायचं, आमची सगळी वाडी मागून ओरडेल. फादरही थांबणार आहेत, त्यांना ऐकायचं आहे. मी सगळ्यांना शब्द देऊन बसले. गाऱ्हाणं तुझ्याशिवाय कोणाला येत नाही; मुलुंडच्या राजारामला विचारलं तर तो रवळनाथाचंच नाव विसरला. एस.टी.चं रिझर्वेशन आजच कर. येताना आंबे आण.

आणखी एक ता. क. : आंब्यांवरून आठवलं. आई गेली त्या वर्षी तू पेटी मुलुंडला विमलाकडे पाठवलीस आणि मला नाही, म्हणून मी फुगले होते. त्याच फुगव्यात आम्ही घाटकोपरची खोली सोडून बोरिवलीला आलो आणि मी तुला नवा पत्ता कळवला नाही. म्हटलं, शोधू दे. तुझी तार माझ्या ट्रंकेत आहे. तिच्यावर तारीख आई गेली त्याच दिवसाची आहे, सकाळी दहाची. पत्ता घाटकोपरचा आहे. तिथल्या शेजारणीने चार दिवस जपून ठेवून मग मला आणून दिली. हे मी त्याच दिवशी वाचलं होतं. सात वर्षं सगळ्यांना म्हणत आले, माझ्याकडे तार आहे, पुरावा आहे. दाखवली मात्र कोणाला नाही. आईचं शेवटचं तोंड तुझ्यामुळे चुकलं नाही रे दादा. आधी कबुली आणि मग क्षमा, असा त्यांच्याकडे क्रम आहे. कबुली झाली.

आणि शेवटचं : गाऱ्हाण्यात शेवटी ती ओळ येते ना, 'लेकराच्या हातून काय चुकलां-माकलां असात, तर ता पदरात घे रे महाराजा', ती तू नेहमी घाईत म्हणतोस. गोराईला जरा सावकाश म्हण. मी अगदी पुढेच उभी असेन, आणि तिच्यावर 'व्हय महाराजा' म्हणायला सगळ्यांच्या आधी माझाच आवाज असेल.