कवी, आयर्लंड आणि मंडळाची चाळीस मिनिटं

१२ जून, गुरुवार. सकाळी ६.
रिटायर होऊन तीन वर्षं झाली. आजपासून रोज चार तास लेखन. विषय पक्का: सोळाव्या शतकातला एक इंग्रज कवी. कविता नितांतसुंदर. नोकरी आयर्लंडमध्ये, सरकारी. तिथल्या लोकांना उपाशी ठेवून वठणीवर आणा, असं याच माणसाने लिहून ठेवलं. पुढे साम्राज्याच्या धोरणात ते मुरत गेलं. मराठीत हे कुणीतरी सांगायला हवं. इथे अमेरिकेत, शुगर लँडच्या आमच्या मराठी मंडळाने २८ तारखेला भाषणाला चाळीस मिनिटं दिली आहेत.

१४ जून.
केयाला फोन केला. लेक्चर आहे म्हटल्यावर अ‍ॅशबर्नहून विमानाने येते म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा, स्वतःहून. मुलीने मला फक्त पाइपलाइनवाला इंजिनिअर म्हणून पाहिलं. आता कळेल.
लेखन: नाही. एसी बिघडला.

१९ जून.
सेक्रेटरी अंकुरचा फोन. काका, वीस मिनिटांत बसवाल ना, मुलांचे डान्स वाढलेत यार, म्हणाला. बसवतो म्हटलं. आटोपशीर भाषणच लक्षात राहतं.
लेखन: शीर्षक.

२३ जून.
मुख्य मुद्दा सापडला. कवीच्या मते मूल दुधाबरोबर भाषा पितं. म्हणून जिंकणाऱ्याने आपलीच भाषा चालवावी, दुसरी घरात शिरू देऊ नये. बायकोला, सुनेत्राला वाचून दाखवलं. ती भेंडी चिरत होती. म्हणाली, त्याला कवी कशाला हवा? केयाची किंडरगार्टनची टीचर एकदा बोलली, घरी इंग्लिशच बोला, आणि तुम्ही त्याच दिवशी फ्रिजवर 'ओन्ली इंग्लिश' चिकटवलंत. मी म्हटलं, ते केयाच्या भल्यासाठी होतं. ती म्हणाली, मग हेच वाक्य भाषणात घाला.
मुद्दा तूर्त वगळला. वेळ कमी आहे.

२७ जून.
केया आली. भाषण इंग्लिशमध्ये ना, असं गाडीत विचारलं. मराठीत, म्हटलं. इट्स ओके बाबा, म्हणाली, आय'ल वॉच युअर फेस. तिच्यासाठी एक पान इंग्रजीत लिहून द्यायचं ठरवलं. उद्या सकाळी.

२८ जून, शनिवार.
पान राहिलं. भाषणाला दहा मिनिटं मिळाली, जेवणाच्या आधी. सहाव्या मिनिटाला लोक ताटांकडे वळले. केया पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसली. एकदाही फोन पाहिला नाही.
परतताना विचारलं, कसं वाटलं. ब्यूटिफुल, म्हणाली. मग माझ्या हातावर हात ठेवून: यू रिअली लव्ह दॅट पोएट, बाबा.
हो म्हटलं.