खुंटीला लावलेली वीणा

मी, बाळाजी बिन अंबाजी, जात कुणबी, वय वर्षे अठ्ठावन्न, राहणार बोर्ली पंचतन, संस्थान जंजिरा. कापडगिरणीत बावीस वर्षे काढून गावी परतलो. डोके ठिकाणावर आहे, कोणी धाकदपटशा केलेला नाही. लाज मात्र वर्षभर छळते आहे, आणि तिच्यामुळेच हे मृत्युपत्र आज लिहीत आहे.

कलम १. राहते घर व खालचे भातखाचर बायको नीराबाई हिला. तिच्या पश्चात पुतण्या सदू याने घ्यावे. नांगर व कोयते सदूला आत्ताच. फोनो, म्हणजे माझे तबकड्या वाजवायचे यंत्र, त्याला देऊ नये. गाण्याचे वेड आमच्या घरात एकाला लागले तेवढे पुरे.

कलम २. माझा चष्मा देवळासमोरच्या आवडाबाईंना द्यावा. त्यांना त्याची गरज का आहे, ते पुढे येईल.

कलम ३. गेल्या कार्तिकात देवळात सप्ताह बसला होता. सात दिवस वीणा एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात जायची, मध्ये टेकवायची नाही आणि नाम थांबवायचे नाही, ही आमची रीत. तिसऱ्या दुपारी पहारा माझा होता. गाव खळ्यावर मळणीला गेलेला. तेवढ्यात सदू दिघीला आगबोटीतून उतरून आला आणि मी मागवलेली तबकडी देवळाच्या दारातूनच दाखवून घरी गेला. मला दम निघेना. वीणा खांबाच्या खुंटीला लावली आणि घरी पळालो. एक बाजू ऐकून परतणार होतो, पण चावी दिली आणि दुसरीही ऐकली.

मागाहून भागोजी आपल्या पहाऱ्याला आला. देऊळ मुके. बिचाऱ्याने वीणा खुंटीवरून काढून गळ्यात घातली आणि नाम सुरू केले. आवडाबाईंनी त्याचा हात खुंटीला पाहिला आणि वीणा त्यानेच टांगली म्हणून गावभर केले. पंचांनी मला विचारले. मी म्हणालो, “मी त्याच्या गळ्यात घालूनच गेलो.”

भागोजी एवढेच बोलला, “न्हाय, दादा.” पण गाण्यातला जाणकार मी! त्याच्या आवाजाला फाटके सूप म्हणून मीच लोकांना हसवले होते. त्याचे कोण ऐकणार? त्याचा पहारा काढून घेतला. पावसात गावातल्या कान्हाचे दोन बैल मेले, तेव्हाही देवाचा कोप म्हणत लोक भागोजीकडेच बघू लागले.

तो भजनाला येईनासा झाल्यापासून पखवाज पुढे पळतो आणि म्हणणारे मागे राहतात. त्या जाड आवाजावर सगळ्यांची लय टेकलेली होती. बत्तीस तबकड्या ऐकून मला जे कळले नाही, ते एक माणूस गप्प बसल्यावर कळले. नीराबाईने त्या दुपारी घरात फोनो ऐकला होता. पंचांपुढचे माझे बोलणे कानी आल्यावर तिने फोनोच्या कर्ण्यावर जुने लुगडे टाकले. ते अजून तसेच आहे. मला ते काढायचे धैर्य नाही.

कलम ४. माझ्या मृत्यूनंतर कलम ३ देवळात मोठ्याने वाचावे आणि फोनो, बत्तीस तबकड्यांसह, भागोजीला द्यावा.

कलम ५. साक्षीला मी भागोजीलाच बोलावले. वाचून दाखवले. तो म्हणाला, “तुजा फोनो मला नको. तू मेल्यावर वाचलं त त्याचा मला काय उपेग? तवर मीबी मरंन. जित्तेपणी सांग.”

सबब कलम ४ रद्द. उद्या पंचमीला सप्ताह बसतो. पहिला पहारा माझा आहे. वीणा हाती घेण्याआधी कलम ३ मी स्वतः सर्वांसमोर वाचीन. मग गावाने मला ठेवावे किंवा काढावे. माझा पहारा भागोजीला द्यावा, एवढीच विनंती.

मुक्काम बोर्ली पंचतन, कार्तिक शुद्ध चतुर्थी, शके १८५६.

सही : बाळाजी बिन अंबाजी

साक्षीदार :
१. अनंता बिन बाबाजी, सही.
२. भागोजी बिन केरू, निशाणी डाव्या अंगठ्याची. मजकूर खरा का, असे विचारता म्हणाला, “समदा खरा हाय. मी तिथंच व्हतो.”