आईच्या नसलेल्या जावा

१२ फेब्रुवारी

पुन्हा हात भाजला! ट्रे ओढताना मनगट भट्टीच्या कडेला टेकलं. भट्टीवाला तिकडून ओरडला, "बाईंचा लेप आणा की घरनं, इथला संपला!" बाई म्हणजे माझी आई. आमच्या बेकरीत मालकापासून पाव पोचवणाऱ्यापर्यंत एकही हात असा नाही, ज्याला आईचा लेप लागला नाही.

घरी येऊन डबी उघडली. तळाला बोटभर उरलाय. आईला म्हटलं, नवीन करायला घे ना. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "तू कुणाची गं?"

पुढे लिहवत नाही.

१५ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, विसरणं वाढतच जाणार. गोळ्यांनी थोडं लांबेल, इतकंच. येताना बसमध्ये आई माझा भाजलेला हात मांडीवर घेऊन सारखी फुंकर घालत होती. माझं नाव काही आठवलं नाही तिला.

१६ फेब्रुवारी

लेप कशाचा असतो, हे मला ठाऊकच नाही! एवढी घोडी झाले तरी नाही. लहानपणापासून बघतेय — अंगणात जायची, पानं खुडायची, मुठीत झाकून आणायची आणि पाठमोरी बसून वाटायची. विचारलं की ठरलेलं उत्तर, "नाव घेतलं की गुण जातो." आणि वर, "वेळ आली की सांगेन." आता वेळ आली नि चाललीसुद्धा.

मावशीला फोन केला. आईची धाकटी बहीण. लांब राहते, ऐकायलाही कमी येतं. घसा फोडून विचारलं. "मला नाही गं शिकवलं! आमच्यात एकीलाच शिकवायचे. ताईला शिकवलं." झालं! म्हणजे सगळी भिस्त एकाच डोक्यावर, आणि तेही आता गळकं.

असं लिहायला नको होतं. खोडत नाही.

२० फेब्रुवारी

कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या बाई ब्रेड घ्यायला आल्या होत्या. त्यांच्या मुलीचा पाय भाजला तेव्हा आईनं लेप दिला होता, ते त्या विसरलेल्या नाहीत. म्हणाल्या, "मी येते, त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करू. ते तुमच्या घरच्याच नावानं राहील. तुम्ही हो म्हणाल त्यालाच दाखवीन."

आईला समजावलं. लोकांच्या उपयोगी पडेल गं, तुझ्यामागे कुणाला विचारायचं? तिनं माझ्या मनगटावरची खपली चाचपली. मग माझ्याकडे वळून, अगदी पूर्वीच्या आवाजात — "बरं. सांगते. पण नीट ऐक हं."

मोरीत जाऊन रडून घेतलं.

२३ फेब्रुवारी

शोभा झाली!

कॉलेजच्या बाई आल्या. आई केस विंचरून, नीट बसलेली. बाईंनी फोन समोर ठेवला. मी विचारलं, "आई, लेप कसा करायचा?" आईनं घसा खाकरला आणि सुरू झाली, "आधी धाकट्या जावेला उन्हात बसवायचं. ती मान टाकेपर्यंत उठू द्यायचं नाही. थोरलीला पाणी दाखवायचं नाही, लगेच नासते मेली. आणि नणंद..."

बाबांना ना भाऊ ना बहीण. आई एकुलती एक सून! जावा कुठून आल्या, नणंद कुठून उपटली? दिवसभर टीव्हीवरच्या मालिका बघते, त्याच शिरल्यात डोक्यात. म्हटलं, "आई, लेपाचं सांग ना." "तेच तर सांगतेय!" म्हणून माझ्यावरच डाफरली, आणि पुन्हा नणंद. कोण कुणाशेजारी बसली की भांडण, कुणाला आधी घरात घ्यायचं, कुणाला अगदी शेवटी — बरंच चाललं. सगळं लिहायचा कंटाळा आलाय.

शेवटी माझं मनगट धरून विचारलं, "समजलं ना?" म्हटलं, "हो हो, समजलं. पड आता जरा."

ते रेकॉर्डिंग राहू दे, असं बाई म्हणत होत्या. मीच हट्टाला पेटले. घरची धुणी परक्याच्या फोनात कशाला — आणि तीही नसलेल्या जावांची! त्यांना माझ्यासमोर पुसायला लावलं. आईचं हसं झालेलं मला नाही बघवत.

२ मार्च

आज आईनं तिन्ही बायकांची चौकशी केली. म्हटलं, मजेत आहेत. खूश झाली. मग खिडकीतून अंगणाकडे बघत बसली.

९ मार्च

छातीत कफ झालाय, ताप उतरत नाही. आता बोलतच नाही. पाणी चमच्यानं.

१७ मार्च

आई गेली.

२१ मार्च

भट्टीवाला आला होता. एवढा दांडगा माणूस, दारातच उभा राहिला. बाही वर सारून हात दाखवला. भाजल्याची खूणही नाही. "हा बाईंचा हात," म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. मी डबी त्याला द्यायला उचलली आणि परत ठेवली. बोटभरच आहे. झाकण काढलं की आईचा वास येतो.

मावशी आलीय. दोघी बसून असतो. तिला ऐकू येत नाही, मला बोलवत नाही. बरं जमतं.

२४ मार्च

मावशीनं जरा हसावं म्हणून ती जावांची गंमत ओरडून सांगितली. हसली नाही. पुन्हा सांगायला लावली. मग माझा हात धरून अंगणात कुंपणाशी घेऊन गेली. "अगं, ही बघ धाकटी जाऊ. ही थोरली. ती मागची, नणंद. झाडाचं नाव घ्यायचं नसतं ना, म्हणून आमची आई नात्यानंच बोलायची. एवढंच मला ठाऊक. कृती फक्त ताईला. पण तुला सगळं सांगून गेली ना? सांग की — नणंदेचं पुढं काय?"

समजलं ना, असं आईनं विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं.