अर्ध्या गुणाची भानगड

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. भावोजींनाही सांग, वर्तमानपत्र खाली ठेवतील तेव्हा. तुझा खोकला गेला का? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस, की डॉक्टरांनी गार पाणी बंद करायला सांगितलंय आणि तू ते डॉक्टरांसमोर बंद केलंयस. भावोजींचा गुडघा जिना चढताना अजून वाजतो का, तेही कळव. इकडे सगळं ठीक आहे. ही बरी आहे, दुकान बरं चाललंय (लोकांची घड्याळं वेळेवर बंद पडतायत, देवाची कृपा), आणि तुझी भाची शाळेत दुसरी आली. एवढी आनंदाची बातमी मी महिनाभर का दाबून ठेवली, असं तू विचारशील. तर ताई, सगळा घोटाळा त्या 'दुसरी'तच आहे.

पहिली आली ती शेजारच्या बेकरीवाल्याची मुलगी. तुला आठवत असेल, माझ्या दुकानाची मागची भिंत म्हणजे त्याच्या भट्टीची भिंत. थंडीत मी त्याच्या जिवावर ऊब घेतो आणि तो माझ्या जिवावर वेळ बघतो, असा आमचा वीस वर्षांचा शेजार. दोघी मुली पहिलीपासून एका बाकावर. त्यामुळे निकालाच्या फलकासमोर आम्ही दोघं बाप उभे होतो तेव्हा मी मोठ्या मनाने त्याचं अभिनंदन केलं, त्याच्या पाठीवर थापही मारली (पिठाचा ढग उडाला). मग मी गुण नीट वाचले. दहावी ते बारावी तीन वर्षांचे मिळून अठराशे गुण, आणि त्यात दोघींमध्ये फरक किती, तर अर्धा. एक म्हणजे एकसुद्धा नाही, अर्धा. तेवढ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं, की एका मोठ्या कॉलेजाने आमच्या शाळेतून पहिल्या येणाऱ्या एका विद्यार्थ्याची चार वर्षांची फी आणि वसतिगृह माफ केलंय. नाव महिनाअखेरीपर्यंत कळवायचं. मी बेकरीवाल्याच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

आता माझा धंदा तुला माहीत आहे. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणाऱ्या माणसाला अर्धा गुण डोंगराएवढा दिसतो, यात माझी काय चूक? घरी येऊन मी गुणांचा कागद पसरला, तर त्यात शारीरिक शिक्षण धरलेलं. अकरावीत आपली पोर जिन्यावरून पडली आणि दीड महिना तिचा पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हा धावण्याच्या परीक्षेत तिला दयेपोटी सरासरी गुण दिले. बेकरीवाल्याची पोर मात्र खरोखरच धावली आणि चार गुण जास्त घेऊन गेली. म्हणजे आमची चार वर्षांची फी गेली कशात, तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीत. मी अर्ज लिहिला, की हुशारी डोक्यात असते, पोटरीत नसते, सबब धावण्याचे गुण धरू नयेत. (हे वाक्य मला इतकं आवडलं, की गिऱ्हाइकांनाही वाचून दाखवलं.)

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वभावाने इतक्या मऊ, की समोरच्या कुणालाही नाही म्हणणं त्यांना जमत नाही. त्यांनी माझा अर्ज मान्य केला. हेडक्लार्कने दुसरी यादी लावली, त्यात आपली पोर पहिली. मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी बेकरीवाला एप्रनसकट शाळेत गेला आणि बाईंनी त्याचाही, धावणं धराच असा, अर्ज मान्य केला. एवढ्यावर भागलं असतं, पण कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचा मुलगा तिसरा आला होता. औषधवाला शाळेत हजर झाला तो मुलाच्या बासरीची चार प्रमाणपत्रं घेऊन. धावणं धरायचं तर वाजवणं का नाही, हा त्याचा मुद्दा. बाईंना तो पटला. तिसऱ्या यादीत बासरी पहिली आली.

पुढचे दहा दिवस आम्ही तिघं बाप कार्यालयाबाहेर एका बाकावर काढले. तो बाक बालवर्गाचा. गुडघे हनुवटीला टेकवून माणसाला आपल्या हक्कांबद्दल बोलता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. त्यात आमचं एकमेकांशी बोलणं बंद. औषधवाला मध्ये बसायचा, त्यामुळे मला बेकरीवाल्याला काही सांगायचं असलं तर मी औषधवाल्याला सांगायचो, आणि तो आपल्या सोयीने त्यात फेरफार करून पुढे द्यायचा. आमच्या घरातला पाव बंद झाला. मी बाणेदारपणे तीन गल्ल्या ओलांडून दुसरीकडून पाव आणू लागलो, तो इतका कडक निघाला, की हिने दोन दिवस तो कापून दिला आणि तिसऱ्या दिवशी सुरी माझ्याच हातात ठेवली.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्या दोघी कुठे होत्या? बेकरीच्या माळ्यावर, पिठाच्या पोत्यांवर बसून एकत्र अभ्यास करत होत्या. कसला अभ्यास, असं मी विचारलंही नाही. मला वाटलं, सवय आहे. एकदा मी पोरीला समजावलं, की सध्या तिकडे जाऊ नकोस, आपली बाजू कमजोर पडते. तिने पुस्तकातून डोकं वर काढलं आणि म्हणाली, "बाबा, ती माझ्यापेक्षा हुशार आहे. शाळेत सगळ्यांना माहीत आहे. फक्त पालकांना माहीत नाही." मी तिला म्हटलं, हा तुझा मोठेपणा झाला. ती म्हणाली, "मोठेपणा नाही, गणित आहे," आणि पुन्हा पुस्तकात गेली. मुलं लहान असतात, त्यांना व्यवहार कळत नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

शेवटी मोठ्या बाईंनी कुणाचंच मन मोडायचं नाही असं ठरवून चौथी यादी काढली. तिघंही पहिले. दुसरं-तिसरं कुणी नाहीच, चौथ्यापासून पुढे चालू. तशी तीन नावं त्यांनी कॉलेजला कळवली. कॉलेजचं दोन ओळींचं उत्तर आलं, की जागा एक आहे, नाव एकच पाठवा. बाई ते पत्र हातात धरून आमच्या बाकापर्यंत आल्या आणि आमच्याकडे बघत राहिल्या. आम्ही तिघांनी आपापलं नाव सुचवलं. हे असं चालू असतानाच महिना संपला. मग एका ओळीचं पत्र आलं, की मुदतीत नाव न आल्याने आपल्या शाळेची जागा दुसऱ्या शाळेला दिली आहे. हेडक्लार्कने चारही याद्या फलकावरून काढल्या. टाचण्या परत डबीत भरताना तो म्हणाला, "माझी पहिली यादी काय वाईट होती?"

औषधवाला आधी उठला. बेकरीवाला बराच वेळ बसून होता, मग पाय आखडले म्हणून त्याला उठता येईना, तेव्हा मी हात दिला. त्याने तो घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. असो. शाळेचा कारभार ढिला, बाईंचा स्वभाव मऊ, औषधवाल्याची बासरी आडवी आली. माझ्याकडून होण्यासारखं मी सगळं केलं. आणखी काय लिहू? प्रकृतीला जप, आणि गार पाणी निदान रात्रीचं तरी टाळ.

तुझा,
धाकटा

ता. क. – दोघी माळ्यावर कसला अभ्यास करत होत्या ते आता कळलं. तुमच्या गावातल्या कॉलेजची प्रवेश परीक्षा आहे, तिथे पहिल्या वीस जणांना फी माफ, शाळेतला क्रमांक कुणी विचारत नाही. दोघींनी आम्हाला न विचारता फॉर्म भरले. परीक्षा पुढच्या सोमवारपासून चार दिवस. तर दोघींची सोय तुझ्याकडे होईल का? हेच विचारायला पत्र लिहायला बसलो होतो.

ता. क. २ – खिडकीजवळचं टेबल आणि तो चांगला दिवा बेकरीवाल्याच्या मुलीला दे. आपलीला स्वयंपाकघरात बसव, तिची हरकत नाही, मी विचारलंय.

ता. क. ३ – का, ते सांगायला हवं. तिसरी यादी लागली त्या दिवशी पुरावा शोधायला मी कपाट उपसलं, तेव्हा पोरीचं दहावीचं प्रगतिपुस्तक हाती आलं. त्यात भूगोलाला ८१ आहेत. शाळेच्या नोंदीत ८७ उतरलेत. म्हणजे धावणं धरा, सोडा, बासरी वाजवा, काहीही करा, आपली पोर कुठल्याच हिशोबाने पहिली येत नव्हती आणि बेकरीवाल्याची पोर चांगली साडेसहा गुणांनी पुढे होती. महिना संपायला तेव्हा अकरा दिवस होते. मी प्रगतिपुस्तक परत कपाटात ठेवलं आणि बाकावर जाऊन बसलो. रोज वाटायचं, उद्या सांगू.

काल जाऊन त्याला सांगितलं. त्याने भट्टीचं दार लावलं, हात पुसले आणि एवढंच विचारलं, "किती दिवस माहीत होतं?" मी खरं ते सांगितलं. त्याने पाटावरचं पीठ एका बाजूला सारलं. मग म्हणाला, "मुलीला पाठवतो. तुमच्याशी नंतर बोलतो."

ता. क. ४ – नंतर म्हणजे कधी, ते तो बोलला नाही. म्हणून मुलींना पोचवायला मी स्वतःच येतोय. मुली शुक्रवारी परत निघतील. मी आणखी किती दिवस राहिलो तर चालेल, ते भावोजींना विचारून उलट टपाली कळव.